जुनं आउटबोर्ड मशीन दोरीला दाद देत नाही? तपासणीचा क्रम असा ठेवा

बंद पडून राहिलेलं जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, सुरू झालं नाही की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू फिरवला, फरक पडला नाही. मग प्लग बदलले, मग पुन्हा स्क्रू. तासाभराने मूळ दोष आहे तिथेच असतो, आणि त्यात आपण नवा दोष घातलेला असतो. आता दोन्ही शोधायचे.

मशीन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात : सिलिंडरमध्ये दाब, वेळेवर करंट आणि योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा. शोधायचा क्रमही हाच. पेट्रोलचा नंबर शेवटी लागतो, कारण ते काम सगळ्यात वेळखाऊ आहे आणि त्यातच सगळ्यात जास्त नासधूस होते. दाब आणि करंट तासाभरात तपासून होतात आणि त्यासाठी काही खोलावं लागत नाही.

इथला क्रम ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या, दोन सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या आणि दोरी ओढून सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनसाठी आहे. कोकणात फायबरच्या होड्यांना मागे लावलेली जुनी मशीन बहुतेक याच जातीची. फोर-स्ट्रोक किंवा फ्युएल इंजेक्शनच्या मशीनला यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत मशीन घरात किंवा मांगरात पडून राहतं. टाकीत जुनं पेट्रोल, कार्ब्युरेटरच्या तळाशी वाळलेला चिकट थर, दमट खाऱ्या हवेने गंजलेली वायरींची टोकं, हे सगळं एकाच वेळी साठतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये दोष एकच असेल असं धरून चालू नका. दोन-तीन छोटे दोष मिळून मशीन अडवतात, आणि क्रम सोडला की त्यातला एकही नीट सापडत नाही.

तयारी

हत्यारं थोडी लागतात : प्लगचा पाना (बी७एचएस जातीच्या प्लगला २१ मिमीचा बसतो), फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायला), स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर, ८-१०-१२चे पाने, डोक्याला नीट बसणारे दोन स्क्रू ड्रायव्हर, कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे, दोन पारदर्शक काचेच्या बाटल्या, वही आणि फोन. फोन फोटोंसाठी. नळी किंवा वायर काढण्याआधी प्रत्येक वेळी फोटो घ्या.

मशीन स्टँडवर किंवा भक्कम फळीवर उभं करा. खाली पाण्याचं मोठं पिंप ठेवा. पंखा काढा आणि पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी पाण्याखाली बुडेल इतकं पाणी भरा. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर पाण्यानेच वंगण घेतो. "जरा सुरू होतंय का तेवढं बघू" म्हणत कोरडं चालवलं तर थोड्या सेकंदांत इम्पेलर खराब होतो, आणि सुरू व्हायच्या तक्रारीला मशीन तापायची तक्रार जोडली जाते.

सावधान : काम उघड्यावर करा. विडी-सिगारेट, स्टोव्ह, ग्राइंडर जवळपास नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठून राहते. प्लग बाहेर काढून करंट बघताना पेट्रोलचा डबा आणि नळी दूर, झाकण लावून ठेवा. कोरड्या पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक हाताशी असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं की आग पसरते.

टप्पा १ : त्रास नेमका कधी होतो ते लिहा

"लवकर सुरू होत नाही" एवढ्यावरून कुठलाही मेकॅनिक दोष सांगू शकणार नाही. कधी होत नाही, हे वहीत लिहा. निम्मं निदान इथेच होतं.

- कितीही ओढलं तरी खोकतसुद्धा नाही : करंट नाही किंवा सेफ्टीची क्लिप नाही. पेट्रोल नंतर बघा.
- थंड असताना हट्ट करतं, एकदा तापलं की पहिल्या ओढीला सुरू होतं : चोक (हवा अडवणारी पत्री) पूर्ण बंद होत नसेल, आयडलचा (कमी वेगाचा) बारीक जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तुंबला असेल किंवा दाब कमी झाला असेल.
- सकाळी सुरू होतं, पण तापल्यावर बंद केलं की अर्धा तास सुरू होत नाही : कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापून करंट सोडत असेल, नाहीतर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी) गळून पेट्रोल चढत असेल.
- चोक ओढलेला असेपर्यंत चालतं, सोडला की बंद : पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय.
- सुरू होतं, दोन-तीन मिनिटांनी दम सोडतं : टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू, फिल्टर, पेट्रोल पंप.
- नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहिलं तरच चालतं : पंपाचा पडदा गेलाय किंवा नळी हवा घेतेय.

मशीन केरोसीनवर चालणारं असेल तर एक प्रश्न जास्तीचा : शेवटचं बंद करताना ते पेट्रोलवर घेतलं होतं का? ही मशीन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसीनवर घ्यायची असतात, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची असतात. कार्ब्युरेटरमध्ये केरोसीन राहिलं तर थंड मशीन सुरू होणार नाही. हा दोष मशीनचा नाही. कार्ब्युरेटरचा तळ रिकामा करा, पेट्रोल भरा आणि मगच पुढचं बघा.

टप्पा २ : पाना हातात घेण्याआधी

यातल्या प्रत्येक गोष्टीला अर्धा मिनिट लागतं, आणि दरवर्षी कुणी ना कुणी हे न बघता कार्ब्युरेटर खोलून बसलेलं असतं.

लाल दोरीची सेफ्टी क्लिप स्विचमागे पूर्ण बसली आहे ना? ती निघाली किंवा अर्धवट बसली की करंट मुद्दाम तोडला जातो. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना? बऱ्याच मशीनमध्ये गिअर पडलेला असला की दोरी अडकते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? नळीवरच्या बल्बचा बाण मशीनच्या दिशेला आहे ना? नवी नळी बसवताना बल्ब उलटा बसतो आणि मग पेट्रोल एक थेंबही पुढे जात नाही. चोकचा दांडा ओढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडातली पत्री खरोखर पूर्ण बंद होते का, हे कव्हर काढून डोळ्यांनी बघा. दांडा हलतो, पण गंजलेली जोडणी पत्रीला अर्ध्यावर सोडते, हे जुन्या मशीनमध्ये फार दिसतं.

आता सुरू करण्याची पद्धत. बल्ब उभा धरा, मशीनकडचं टोक वर, आणि घट्ट लागेपर्यंत दाबा. थ्रॉटल सुरुवातीच्या खुणेवर आणा. चोक ओढा. दोरी हळू ओढून सिलिंडरचा विरोध हाताला लागू द्या, मग तिथून एका दमात जोरात ओढा. मशीन एकदा खोकलं की चोक अर्धा आत घ्या आणि पुन्हा ओढा.

चोक ओढून तीन-चारदा ओढूनही खोकलं नाही तर थांबा. इथेच सगळे चुकतात. चोकवर दहा-पंधरा वेळा ओढत राहिलं की प्लग पेट्रोलने भिजतात, आणि मग मूळ दोष दुरुस्त झाला तरी मशीन सुरू होत नाही.

पेट्रोल चढलं असेल तर नळी मशीनपासून सोडवा, चोक पूर्ण आत, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाच-सहा वेळा ओढा. जास्तीचं पेट्रोल बाहेर पडेल. या वेळी मशीन अचानक मोठ्या आवाजात सुरू होऊ शकतं, म्हणून एक हात थ्रॉटलजवळ ठेवा.

टप्पा ३ : प्लग काढा आणि वाचा

सुरू करण्याचा अपयशी प्रयत्न झाल्यावर लगेच दोन्ही प्लग काढा. वरचा कोणता आणि खालचा कोणता, ते विसरू नका. पुसू नका. आधी बघा.

दोन्ही कोरडे : पेट्रोल पोहोचत नाही. दोन्ही ओले, पेट्रोलचा वास : पेट्रोल पोहोचतंय, पण करंट नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. एक ओला आणि एक कोरडा : त्या-त्या सिलिंडरचा वेगळा दोष, आणि ही फार उपयोगी माहिती आहे. काळा तेलकट थर : ऑइलचं प्रमाण जास्त, किंवा दिवसभर कमी वेगावर चालवल्याची खूण. जाळी टाकताना तासन्‌तास हळू चालणाऱ्या मशीनमध्ये हा थर येतोच. पाण्याचे थेंब किंवा मिठाचे पांढरे कण : पाणी आत शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलं आहे. पाणी दिसलं तर पुढचे टप्पे थांबवा आणि आधी त्याची दुरुस्ती करा. खारं पाणी आत राहिलं तर बेअरिंग थोड्याच दिवसांत गंजतात.

प्लगचा नंबर मशीनच्या पुस्तकातला किंवा कव्हरमधल्या स्टिकरवरचाच वापरा. जुन्या टू-स्ट्रोकना बहुधा एनजीके बी७एचएस-१० किंवा बी८एचएस-१० लागतो. शेवटचा १० म्हणजे १.० मिमी फट. ७ आणि ८ म्हणजे प्लग किती उष्ण किंवा थंड. एनजीकेच्या पद्धतीत आकडा लहान तर प्लग उष्ण. मोटरसायकलचा "तसाच दिसणारा" प्लग बसवू नका. पेचाची लांबी वेगळी असली तर तो पिस्टनला लागू शकतो, आणि फार उष्ण प्लगने पिस्टन जळतो.

प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवायची सवय मोडा. कण आत पडतात आणि घासलेला प्लग पुन्हा लवकर काळा होतो. निदान करताना नवे प्लग वापरा, म्हणजे एक शंका कायमची मिटते. बसवताना पेच आधी हातानेच फिरवा. नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडचा पेच एकदा गेला की खर्च वाढतो.

टप्पा ४ : दाब, प्लग बाहेर असतानाच

प्लग काढलेलेच आहेत, तर दाब आत्ताच मोजा. दाबच नसेल तर कार्ब्युरेटरवर घालवलेला दिवस वाया जाणार.

सेफ्टी क्लिप काढा. दोन्ही प्लग कॅपमध्ये घालून त्यांचा धातूचा भाग हेडला टेकवून ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडा, चोक आत. गेज पहिल्या सिलिंडरला लावा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा, एकाच जोराने दोरी ओढा. आकडा लिहा. दुसऱ्याचाही तसाच घ्या.

या मशीनमध्ये साधारण ९० ते १३० पीएसआय (दाबाचं एकक) दिसतात. नेमका आकडा मॉडेलवर, ओढणाऱ्याच्या जोरावर आणि गेजवर अवलंबून असतो, म्हणून आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. १५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा दोन्ही ८०च्या खाली असतील, तर थंड मशीन हट्ट करणारच.

कमी दाब म्हणजे लगेच सिलिंडर बोअरिंगचा खर्च, असं नाही. टू-स्ट्रोकमध्ये रिंगा कार्बनने खाचेत चिकटतात. प्लगच्या भोकातून कार्बन काढणारा स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी प्लगशिवाय दहा-बारा वेळा ओढून बाहेर काढा आणि पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा सुटल्या. वाढला नाही तर मात्र हेड काढून बघावं लागेल.

तपासा : दाब न मोजता "मशीनला दाब आहे, दोरी जड लागतेय" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. गंजलेलं बेअरिंगसुद्धा दोरी जड करतं.

टप्पा ५ : करंट

प्लग हेडला टेकवून ठिणगी बघण्याची पद्धत सगळीकडे चालते, पण ती फसवते. उघड्या हवेत १ मिमीच्या फटीत ठिणगी पडायला फारसा जोर लागत नाही. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी विझते. म्हणून फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या आणि सुमारे ६ मिमीची फट ठेवा. सावलीत बघा. ठिणगी निळसर-पांढरी, जाड आणि "टक्‌" आवाजाची हवी. पिवळी, बारीक, अधूनमधून पडणारी ठिणगी म्हणजे दोष.

सावधान : कॅप हातात धरून बघू नका. सीडीआयचा झटका जोरदार असतो. कॅप अधांतरी ठेवून दोरीही ओढू नका. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही तर सीडीआय किंवा कॉइल आतून जळू शकते. टेस्टरची क्लिप रंग नसलेल्या धातूला लावा.

चाचणी दोनदा घ्या : एकदा प्लग बाहेर काढून, एकदा प्लग बसवून आणि टेस्टर वेगळा लावून. प्लगशिवाय मशीन वेगाने फिरतं, त्यामुळे अशक्त कॉइलसुद्धा ठिणगी देते. प्लग बसवले की फिरण्याचा वेग कमी होतो आणि तीच कॉइल गप्प बसते. "ठिणगी आहे, तरी सुरू होत नाही" अशा तक्रारीमागे हे कारण बरेचदा निघतं.

दोन्ही सिलिंडरना करंट नसेल तर आधी बंद करायचा स्विच तपासा. सेफ्टी क्लिपचा स्विच खाऱ्या हवेत आतून गंजतो आणि कायम जमिनीला (अर्थला) टेकलेला राहतो. स्विचची वायर सीडीआयपासून सोडवा (यामाहाच्या मशीनमध्ये ती बहुधा पांढरी असते, पण स्विचपासून वायर धरत येऊन खात्री करा). सोडवल्यावर करंट आला तर स्विच गेला. या अवस्थेत मशीन सुरू झालं तर बटणाने बंद होणार नाही. चोक पूर्ण ओढून किंवा पेट्रोल तोडून बंद करावं लागेल. तसंच मशीन घेऊन पाण्यात जाऊ नका. माणूस होडीतून पडला तर तोच स्विच पंखा थांबवतो.

स्विच ठीक असेल तर जमिनीच्या वायरी बघा. ब्लॉकला बोल्टने धरलेली काळी वायर काढा, बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने काढा आणि घट्ट बसवा. वायरींचे जोड सोडवा. हिरवा किंवा पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा लावा. इतकं करूनही करंट नसेल तर फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल, पल्सर कॉइल आणि सीडीआय राहिले. कॉइलींचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. पुस्तकाशिवाय सीडीआय विकत घेऊ नका. तो महाग असतो, दुकानदार परत घेत नाही, आणि दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच कुठेतरी असतो.

एकाच सिलिंडरला करंट नसेल तर प्लगच्या कॅपची अदलाबदल करून बघा. दोष कॅपबरोबर सरकला तर कॅप खराब. अनेक कॅप वायरवर स्क्रूसारख्या फिरवून बसवलेल्या असतात. कॅप काढा, वायरचं हिरवं पडलेलं टोक ५-६ मिमी कापा आणि पुन्हा फिरवून बसवा. रेझिस्टर असलेल्या कॅपचा रेझिस्टन्स सुमारे ५ किलोओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप टाकून द्या. ही स्वस्तातली दुरुस्ती आहे आणि जुन्या मशीनमध्ये खूप कामी येते.

तापल्यावरच करंट जाणाऱ्या मशीनला थंड असताना तपासून काही कळणार नाही. चालवा, बंद पडू द्या, आणि त्याच क्षणी टेस्टर लावा.

टप्पा ६ : दोष पेट्रोलचाच आहे, याची खात्री

दाब बरा, करंट जोरदार, तरी सुरू होत नाही. आता कार्ब्युरेटर खोलण्याआधी एक चाचणी घ्या. ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल छोट्या स्प्रेच्या बाटलीत घ्या. कार्ब्युरेटरच्या तोंडात दोन फवारे मारा, बाटली लांब ठेवा, चेहरा बाजूला घ्या आणि दोरी ओढा. मशीन क्षणभर सुरू होऊन बंद पडलं तर दोष पेट्रोल पोहोचण्यात आहे, हे नक्की. खोकलंसुद्धा नाही तर टप्पा ५ पुन्हा बघा किंवा टप्पा ९ वर जा.

यासाठी इथरचा स्टार्टिंग स्प्रे वापरू नका. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं. कोरडा इथर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतो.

टप्पा ७ : टाकीपासून पंपापर्यंत

नेहमी टाकीकडून मशीनकडे या, उलट नको.

टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल बदला. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीची नळीही तळातूनच ओढते. त्या थरात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसतं, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणजे मशीन नुसतं अडत नाही, चाललं तर वंगणाशिवाय चालतं. पावसाळ्यातून राहिलेलं पेट्रोल "वाया कशाला घालवा" म्हणून वापरणं म्हणूनच महागात पडतं.

नवं मिश्रण पुस्तकात दिलेल्या प्रमाणात करा. ५०:१ सांगितलं असेल तर १ लिटरला २० मिली, १० लिटरला २०० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचं घ्या. स्कूटरचं टू-टी वेगळं असतं. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं आणि इथे कार्बन जास्त साठवतं.

पुढे नळी. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आतून सोलतं. बाहेरून चांगली दिसणारी नळी आतून बंद असू शकते. दोन्ही टोकांच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंग दाबून बघा. चिरलेली ओ-रिंग पेट्रोल गळू देत नाही, पण हवा आत घेते. म्हणून "कुठे गळत नाही" हा पुरावा धरू नका.

बल्ब बरंच सांगतो. दाबून घट्ट करा आणि पाच मिनिटं थांबा.

- घट्ट राहिला : नळी आणि फ्लोटची सुई ठीक.
- मऊ पडला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओघळलं : फ्लोटची सुई गळतेय.
- मऊ पडला, पण कुठेच ओलं नाही : बल्बचा आतला वाल्व पेट्रोल मागे सोडतोय.
- मशीन चालताना बल्ब चपटा होतो : त्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे अडथळा आहे. हवेचा स्क्रू किंवा टाकीतली जाळी.

मशीनवरच्या छोट्या फिल्टरची वाटी काढून तिच्यातलं पाणी आणि कचरा टाका. मग पंप. पंपाची पुढची नळी काढून बाटलीत सोडा, सेफ्टी क्लिप काढून दोरी ओढा. पेट्रोल पिचकारीसारखं थांबून-थांबून आलं पाहिजे. नुसतं झिरपत असेल तर पंपाचे पडदे बदला. पडदा फाटला की दुहेरी त्रास होतो : पुढे पेट्रोल कमी पडतं आणि फाटलेल्या जागेतून कच्चं पेट्रोल क्रँककेसमध्ये शिरून एक सिलिंडर सतत ओला राहतो. टप्प्या ३ मध्ये एकच प्लग ओला दिसला होता, तर ही जागा आवर्जून बघा.

टप्पा ८ : कार्ब्युरेटर

आधी तळाच्या बाउलचा स्क्रू उघडून आतलं पेट्रोल बाटलीत काढा. पाणी किंवा चिकट पिवळा-तपकिरी द्रव निघाला तर ताजं पेट्रोल भरून एकदा प्रयत्न करा. एवढ्यावर सुरू झालं तर उत्तम, पण जेटमध्ये उरलेला थर पुन्हा त्रास देईल, म्हणून सवड काढून साफ कराच.

खोलायचं ठरलं तर हे नेमाने करा.

१. सगळ्या बाजूंनी फोटो. प्रत्येक नळी कुठे जाते ते स्पष्ट दिसलं पाहिजे.

२. आयडलचा पायलट स्क्रू काढण्याआधी अगदी हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे आत गेला ते लिहा. समजा दीड फेरा, तर परत बसवताना हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर. घट्ट आवळला तर सुईसारखं टोक वाकतं आणि आयडल पुन्हा कधीच नीट बसत नाही. आधी कुणी तो फिरवला असेल तर पुस्तकातला आकडा घ्या.

३. रबर, ओ-रिंग आणि प्लॅस्टिकचा फ्लोट काढून घेतल्यावरच क्लीनर मारा.

४. मेन जेट आणि बारीक पायलट जेट दोन्ही काढा. उजेडाकडे धरून आरपार बघा. थंड मशीन सुरू होणं आणि कमी वेगावर टिकणं पायलट जेटवर असतं, आणि तुंबतो तोच, कारण त्याचं भोक केसासारखं बारीक असतं. स्टीलची तार किंवा सुई घालू नका. भोक मोठं झालं की जेट गेला. क्लीनरमध्ये भिजवा आणि दाबाची हवा मारा, फार तर नायलॉनचा तंतू.

५. बॉडीतल्या प्रत्येक वाटेत स्प्रे मारून तो दुसऱ्या टोकाने निघतो का बघा. हे टाळून नुसते जेट साफ केले तर काम अर्धवट राहतं. डोळ्यांना संरक्षण हवं, कारण स्प्रे उलटून चेहऱ्यावर येतो.

६. फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला. फ्लोट हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

७. नवी गॅस्केट लावून बसवा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यातल्या जोडातून हवा शिरली तर साफसफाई करूनही "चोक सोडला की बंद" ही तक्रार तशीच राहते.

थ्रॉटल आणि टायमिंग जोडणाऱ्या दांड्यांचे स्क्रू फिरवू नका. कार्ब्युरेटर काढताना त्यांची लांबी बदलायची गरज पडत नाही.

टप्पा ९ : तरीही नाही

आता कव्हरच्या आतले, खोलावे लागणारे दोष उरले. दोरी ओढताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा मागे येत असेल तर रीड वाल्वची (आत गेलेलं मिश्रण मागे येऊ न देणाऱ्या झडपेची) पाती तुटली किंवा वाकली आहे. दोरी झटका देऊन हातातून मागे खेचली जात असेल, किंवा ठिणगी जोरदार असूनही मशीन फटकन आवाज करतं आणि पकडत नाही, तर फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारा धातूचा तुकडा) कातरली गेली असू शकते. मग ठिणगी चुकीच्या वेळी पडते. पंखा खडकाला जोरात आपटल्यानंतर ही शंका पहिली घ्या. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो आणि बसवायला टॉर्क पाना. हातोडा मारून काढलं तर क्रँक वाकते आणि चुंबक निखळतात. क्रँकचे सील गेले असतील तर एका सिलिंडरचं मिश्रण नेहमी बिघडतं आणि कुठल्याच स्क्रूने ते सुधारत नाही.

हे तिन्ही दोष मेकॅनिककडे न्या, पण वही घेऊन न्या. दाबाचे आकडे, प्लगचा रंग, करंटची चाचणी, काय बदललं, हे कागदावर असलं की तो पुन्हा शून्यापासून सुरू करत नाही आणि तुम्हाला नको ते भाग विकत घ्यायला लावत नाही.

टप्पा १० : सुरू झाल्यावर लगेच समुद्रात नको

पिंपातच दहा मिनिटं चालवा. मशीनच्या मागून पाण्याची धार अर्ध्या मिनिटात दिसली पाहिजे. दिसली नाही तर बंद करा. बंद करायचं बटण आणि सेफ्टी क्लिप, दोन्हीने मशीन थांबतं का, हे वेगवेगळं तपासा. तापलेलं मशीन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि चोकशिवाय ओढा. एक-दोन ओढींत सुरू झालं पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड असताना, पुन्हा. या दोन्ही वेळा सुरू झालं तरच दुरुस्ती झाली असं धरा. पहिली फेरी खाडीतच करा, वल्ही आणि नांगर होडीत असू द्या, आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाकडे जाऊ नका.

पुढच्या बंदीआधी गोड्या पाण्यात मशीन चालवून आतलं मीठ धुवा. टाकीची नळी सोडवा. बाउलचा स्क्रू उघडून कार्ब्युरेटर पूर्ण रिकामा करा. नुसतं पेट्रोल संपेपर्यंत चालवलं तर तळाशी थोडं उरतं आणि तेच वाळून जेट बंद करतं. प्लगच्या भोकांतून फॉगिंग ऑइल (आतून गंज रोखणारं) मारा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा आणि मशीन उभंच ठेवा. टाकीतलं उरलेलं पेट्रोल ऑगस्टसाठी राखू नका. जून लागण्याआधीच संपवा.